बालीतली भवानी

मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यात जाणाऱ्या होड्या सुटतात, तिथेच सुगंधा तारीचं दुकान आहे. दुकान म्हणजे लाकडी फळ्या आणि वर निळी ताडपत्री. शिंपल्यांची तोरणं, शंख, सावंतवाडीची लाकडी फळं, कोकम, खाजं असा माल. सासूच्या हाताखाली ती तिथे बसायला लागली तेव्हा तिचा विश्वेश पाळण्यात होता. आता तो बाली बेटावर एका हॉटेलात आचारी आहे.

गिऱ्हाईक ओळखावं तर सुगंधाने. कोण नुसतं हात लावून जाणार आणि कोण घेणार, हे ती पायातल्या चपलांवरून सांगते. कोणी किंमत पाडून मागितली आणि नाही म्हटल्यावर पाठ फिरवली, तर ती त्याला विजेच्या खांबापर्यंत जाऊ देते. मग हाक मारते, "या हो दादा, असे रागावताय काय!" दादा परत येतोच.

पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून दुकानही बंद. गेल्या वर्षी विश्वेशने जूनमध्येच तिकीट पाठवलं. नवरा लवू काही तयार होईना. "विमानात खिडकी उघडुक मिळात काय?" असं विचारून तो जाळी शिवायला बसला. सुगंधा एकटीच निघाली.

पहिले दोन दिवस विश्वेशने तिला देवळं दाखवली, भाताच्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं दाखवली. तिने सगळं बघितलं, बरं म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो तिला बाजारात घेऊन गेला आणि बाईच्या चेहऱ्यावर तरतरी आली. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. लाकडी मुखवटे, मांजरं, पतंग, गवताच्या विणलेल्या पिशव्या. दुकानांत बहुतेक बायकाच बसलेल्या.

एका दुकानात तिला एक गोल पिशवी आवडली. वीण इतकी घट्ट, की बोटाने दाबली तरी दबत नव्हती. दुकानदारीण तिच्याच वयाची, अंबाड्यात फूल खोवलेली. विश्वेशने सांगितलं, "आये, हिचा नाव वायान. हय बायकांका इबू म्हणतत. इबू म्हणजे आई."

इबू वायानने कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे केला. सुगंधाने शून्यं मोजली आणि तिचे डोळेच विस्फारले. "अडीच लाख? सोन्याची आसा काय गो?"

"आये, हे हयचे पैसे," विश्वेश हसायला लागला. "आपले तेराशे-चौदाशे होतीत."

"तरी लय झाले." तिने पदर खोचला आणि कॅल्क्युलेटर हातात घेतला.

मग पंधरा-वीस मिनिटं दोघींचं चाललं. इबू छातीवर हात ठेवायची, सुगंधा कपाळावर मारून घ्यायची. इबू वीण दाखवायची, सुगंधा आत एक सुटलेली काडी शोधून दाखवायची. मध्येच एक लाल केसांचा गोरा आला, एक लाकडी मांजर निवडून दीड लाखाला घेऊन गेला. तेवढ्यापुरत्या दोघी थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. शेवटी सुगंधाने पिशवी खाली ठेवली आणि पाठ फिरवली.

चार दुकानं झाली, हाक आली नाही. सहा झाली. कोपरा आला.

"मागे बघू नको," ती विश्वेशला म्हणाली.

"कोण बोलवणा नाय, आये."

"बोलवतली. थांब."

इबूने काही बोलावलं नाही. कोपऱ्यावरून सुगंधाने हळूच वळून पाहिलं, तर बाई खुशाल पिशव्यांवरची धूळ झटकत होती. विश्वेश घरी पोचेपर्यंत हसत होता. सुगंधाला मात्र राग आला नव्हता. रात्री जेवताना ती म्हणाली, "बाय पक्की आसा. माका आवडली."

दुसऱ्या दिवशी विश्वेशची सकाळची पाळी होती. घरमालकीण देवळात निघाली होती, ती सुगंधालाही घेऊन गेली. तिथल्या रीतीप्रमाणे साडीऐवजी कमरेला रंगीत वस्त्र गुंडाळलं, वर घरमालकिणीचंच पोलकं घातलं, केसांत चाफ्याचं फूल माळलं. देऊळ बाजाराच्या तोंडाशीच होतं. परतताना सुगंधाने घरमालकिणीला खुणेने निरोप दिला आणि सरळ इबू वायानचं दुकान गाठलं. दुकान नुकतंच उघडत होतं.

इबूने तिला बघताच टाळी वाजवली. बसायला स्टूल दिलं, काळी कॉफी दिली. भाव सुरू व्हायच्या आत तिला आठवण झाली असावी, तिने फुलांनी भरलेला पानांचा छोटा द्रोण उचलला, गल्लीच्या टोकाच्या देवाकडे बोट दाखवलं, सुगंधाच्या हातात कॅल्क्युलेटर दिला आणि निघून गेली.

सुगंधा आरामात बसली. इतक्यात एक जोडपं येऊन उभं राहिलं. बाईच्या डोक्यावर मोठी टोपी, बुवांच्या गळ्यात कॅमेरा. बाईने लाकडी मांजर उचललं.

"किती गोड आहे! टीव्हीच्या शेजारी ठेवू."

"अगं, आवडलंय असं दाखवू नकोस," बुवा ओठ न हलवता म्हणाले.

"हिला काय मराठी कळतंय?"

सुगंधाने मान खाली घातली आणि पदर नव्हता म्हणून ओठ चावला. कालच्या गोऱ्याची किंमत तिच्या लक्षात होती. तिने तरी आधी अडीच लाख दाबले. बुवांनी ऐंशी हजार दाबले.

"पावणेदोनपर्यंत जायचं," ते बायकोला म्हणाले. "त्याच्यावर गेली तर चालायला लागू. बोलावतेच ही."

पावणेदोन सहज मिळाले असते. पण दुकान दुसरीचं, आणि गिऱ्हाईक आपल्याकडचं. कालच्या गोऱ्याला जो भाव, तोच यांना. तिने दीड दाबले.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" बुवा खुलले आणि पाकीट काढू लागले.

"मग ते बारकं पिल्लू फुकट मागा ना हिच्याकडे," बाई कुजबुजली.

आणि इतक्या वर्षांची जिभेची सवय, ती कुठे थांबणार? सुगंधाच्या तोंडून खणखणीत आवाजात निघून गेलं, "नाही परवडत हो वहिनी, कसं द्यायचं तुम्हीच सांगा!"

बाईच्या हातातून मांजर पडता पडता राहिलं. बुवा तिच्याकडे पाहतच राहिले.

"तुम्ही... मराठी?"

"मालवणची. दांडी किनाऱ्यावरची," सुगंधा म्हणाली आणि मग तिला हसू आवरेना. बाई ओशाळून लाल झाली, पण बुवा असे हसत सुटले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. ते ठाण्याचे, बाईचं माहेर कणकवलीजवळचं नांदगाव. मग माहेरच्या गप्पा निघाल्या. शेवटी त्यांनी मांजराबरोबर पिल्लूही घेतलं, आणि पैसे देऊन घेतलं.

इबू परत आली तेव्हा सुगंधाने नोटा तिच्या हातात ठेवल्या. इबूला आधी कळेना. कळलं तशी तिने त्या नोटा घेतल्या आणि दुकानातल्या एकेका वस्तूवर टेकवत सुटली. मुखवट्यांवर, पिशव्यांवर, पतंगांवर. तोंडाने म्हणत होती, "लारिस, लारिस!" विश्वेशने नंतर अर्थ सांगितला, खपू दे, खपू दे. पण तो सांगायची गरज नव्हती. सुगंधाही रोज सकाळच्या पहिल्या विक्रीची नोट कपाळाला लावते आणि मालाला टेकवते.

"भवानी!" ती म्हणाली.

"बवानी," इबू म्हणाली आणि मान डोलावली.

मग इबूने ती गोल पिशवी काढून सुगंधाच्या मांडीवर ठेवली आणि पैसे नकोत अशी खूण केली. सुगंधाने पिशवी परत फळीवर ठेवली आणि कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. फुकट घेतलं तर काल एवढी घासाघीस केली ती कशासाठी? इबूला पटलं असावं. खोचायला पदर नव्हता म्हणून तिने कमरेवर हात ठेवले आणि पुन्हा अडीच लाख दाबले. दोघी कपाळाला हात लावत, छातीवर हात ठेवत मनसोक्त भांडल्या. सुगंधा उठून चालायलाही लागली. या खेपेला दोन दुकानं व्हायच्या आत हाक आली.

उरलेले दिवस विश्वेश समुद्रावर नेतो म्हणायचा. "समुद्र काय बघुचो? तो घराकडे आसाच मा," असं म्हणून ती सकाळी बाजाराकडे निघायची. दुपारी विश्वेश घ्यायला आला, की दोघी एकमेकींचं काही न कळता बोलत बसलेल्या असायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी इबूने केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला मासा आणला. हळद, मिरची आणि कसलंसं वाटप लावलेला. सुगंधाने एक घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"कसो आसा?" विश्वेशने विचारलं.

"मासो एकदम बरो. फक्त तिरफळां व्हयी होती," ती बोटं चाटत म्हणाली. "हिका सांग, पुढच्या येळेक मी घेवन येतलंय."