सुमनताईंचं मत

“तेवढी एक ओळ पुसून टाका,” सर म्हणाले. “रविवारी लेखिका येतायत. दारातून आत आल्या की पहिलं तेच दिसायचं.”

सर म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. मी तिथली ग्रंथपाल. वारूळवाडीत दोन खोल्यांचं आमचं वाचनालय आहे, आणि मी तिथे एकोणीस वर्षं काम करते. रविवारी वर्धापनदिन होता. ज्यांची कादंबरी त्या वर्षी सगळीकडे वाचली जात होती, त्या पुण्याच्या लेखिका पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. आणि फळ्यावर त्यांच्याच कादंबरीबद्दल लिहिलेलं होतं:

“पुस्तक लई गुंगवतं. पण शेवट केलाच नाय. बाई स्टँडवर हुभी ऱ्हायली आन् लिवणारी घरी गेली. — सुमनताई, गिरणीवाल्या.”

हा फळा मीच सुरू केला होता. तेव्हा आमची देवघेव फार खाली आली होती. देवघेव म्हणजे रोज किती पुस्तकं बाहेर गेली आणि किती परत आली त्याचा हिशेब. तपासणीला साहेब आले की पहिलं ते रजिस्टर उघडतात. आमचं रजिस्टर उघडल्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं. वाचक नाहीत असं नव्हतं. लोक येत, कपाटासमोर उभे राहत, चार पुस्तकं चाळत आणि वर्तमानपत्र वाचून घरी जात. कुठलं घ्यावं तेच त्यांना कळत नसे.

सुमनताईंना मात्र कळायचं. त्यांची पिठाची गिरणी वाचनालयाच्या मागच्या आळीत आहे. दळण चालू असताना त्या खुर्चीत बसून कादंबरी वाचतात. दिवसभर गिरणीच्या आवाजात बसायची सवय, त्यामुळे बोलणंही मोठ्यानं. पुस्तक परत करताना त्या काउंटरवर जे सांगायच्या ते बाहेर चपला काढणाऱ्यालाही ऐकू जायचं.

“लढाया चांगल्या हायत,” एका ऐतिहासिक कादंबरीबद्दल त्या म्हणाल्या होत्या. “पण राजा दर पानाला भाषण करतो. दुसरी कामं नव्हती का त्याला?”

एका रहस्यकथेवर: “खुनी मला साठाव्या पानाला घावला. इन्स्पेक्टरला दोनशेव्या.”

एका गाजलेल्या प्रेमकथेवर: “दोघांनी एकमेकाला एक फोन केला असता तर पुस्तक तीस पानांत आटपलं असतं. पण वाचा. सासू झकास रंगवलीय.”

माझ्या लक्षात आलं, की त्या बोलून गेल्या की मागे उभा असलेला माणूस तेच पुस्तक मागतो. नावं ठेवलेलंसुद्धा. म्हणून मी एक वही केली आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेऊ लागले. आठवड्याला एक वाक्य फळ्यावर. हळूहळू बाकीचेही मतं सांगायला लागले. मी सगळ्यांना एकच शब्द दिला होता: तुम्ही सांगाल ते तसंच लिहीन, एक अक्षर बदलणार नाही.

देवघेव वाढली. सरही खूश होते. त्या एका ओळीपर्यंत.

“सर, मत आहे त्यांचं,” मी म्हटलं.

“मत असायला पुस्तक पूर्ण वाचावं लागतं. मध्येच सोडलं असेल त्यांनी.”

मी पुस्तक काढून शेवटचं पान दाखवलं. कोपऱ्यात पिठाच्या अंगठ्याचा पांढुरका ठसा होता. सुमनताईंनी कुठपर्यंत वाचलंय हे आमच्याकडे असंच कळतं.

सरांनी चष्मा सारखा केला. “मग समजला नसेल. मॅडम, याला सूचक शेवट म्हणतात. लेखक सगळं सांगत नाही, वाचकाच्या मनावर सोडतो. मी रविवारी प्रास्ताविकात त्यावरच बोलणार आहे. आणि पाठीमागे फळ्यावर हे?”

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पाहुण्यांना सरांनीच शब्द टाकून बोलावलं होतं. मी फळा पुसला. पण दिलेला शब्द मोडला होता, म्हणून संध्याकाळी गिरणीत गेले आणि सुमनताईंना स्वतःच सांगितलं.

त्यांनी पट्टा थांबवला. “पुसा की,” त्या म्हणाल्या. “फळा पुसल्यानं माझं मत थोडंच पुसलं जातंय? पण रविवारी मला पुढं बसवू नका. कोणी इचारलं तर मी तेच सांगंन, आन् सरांचा बिचाऱ्यांचा मूड जायचा.”

त्या हसत होत्या. मला मात्र त्यांचं ते “पुसा की” रात्रभर टोचत राहिलं.

रविवारी सकाळी खोली भरली. सुमनताई गिरणी तासभर बंद ठेवून आल्या आणि अगदी मागे, दाराजवळ बसल्या. सरांनी प्रास्ताविक केलं. सूचक शेवटावर ते चांगली दहा मिनिटं बोलले. “नायिका फलाटावर उभी आहे. एसटी लागते. ती पिशवी उचलते. बस्स. पुढचं आपण आपल्या मनात लिहायचं. केवढा संयम.”

लेखिका शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली होती. मला वाटलं, उकडतंय म्हणून. मी पंखा वाढवला.

मग त्या बोलल्या. साध्या बाई होत्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. शेवटी म्हणाल्या, “कौतुक पुष्कळ झालं. ज्यांना पुस्तक आवडलं नाही, किंवा काही खटकलं, असं कोणी आहे का? मला खरंच ऐकायचंय.”

कापडदुकानवाले पारसशेठ, आमचे नेमाने येणारे वाचक, छताकडे बघत होते. सर हसून म्हणाले, “खटकण्यासारखं काही नाहीच.”

मी मतांची वही टेबलावर ठेवली होती. हात आपोआप तिच्याकडे गेला. खरं तर त्या दिवशी माझं काम चहा बघण्याचं होतं. पण एकोणीस वर्षं ज्या कामाचा पगार घेते ते काम म्हणजे वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणं, आणि इथे दोघं एका खोलीत असून मीच मध्ये उभी होते.

“एक मत आहे,” मी म्हटलं. “फळ्यावर होतं. शुक्रवारी मीच पुसलं.”

आणि वाचून दाखवलं. सरांकडे मी पाहिलं नाही. दोनतीन जण हसले आणि लगेच थांबले.

लेखिका हसल्या नाहीत. लागलं होतं त्यांना, ते दिसत होतं. “या वाचक आज आल्यात का?”

सुमनताई उठल्या. “मीच ती. वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. बाकी पुस्तक झकास हाय. दोन दिवस मी गिऱ्हाइकांचं दळण जाड दळत व्हते, तुमच्यापायी.”

“पण शेवट केलाच नाही, म्हणजे काय?”

“म्हंजे तुमची ती नर्स. बारा वर्षांनी आईला भेटायला निघाली. आख्खं पुस्तकभर आमी वाट बघतोय, आई काय म्हणंल. आन् ती स्टँडवर येती, गाडी लागती, पिशवी उचलती, आन् पुठ्ठा. बसली का न्हाई? आई दार उघडती का न्हाई? एवढं चालवून आणलं आमाला, तर तेवढं सांगायला नको?”

“अहो ताई, पण ते पुढे आहे की.”

“कुठं पुढं?”

“पुढच्या प्रकरणात. ती बसते, घाटात गाडी बंद पडते, आई…” त्या थांबल्या. सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमची प्रत बघू जरा.”

मी पुस्तक दिलं. त्यांनी शेवटचं पान उघडलं. दोनशे चाळीस. पान चाचपलं, पुठ्ठ्याच्या आतली शिवण वाकवून पाहिली.

“मॅडम,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “माझी कादंबरी दोनशे छप्पन्न पानांची आहे.”

इथे थोडं समजावून सांगते. पुस्तक सुट्या पानांचं बनत नाही. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि कागदाला घड्या घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. शिवताना एखादा फर्मा राहिला, की सोळा पानं एकदम गायब. मधला राहिला तर लगेच कळतं, कारण वाक्य तुटतं. आमचा शेवटचा राहिला होता. आणि दोनशे चाळिसावं पान नेमकं पूर्णविरामावर संपत होतं.

चूक छापखान्याची. पण ती पकडायचं काम माझं. नवं पुस्तक आलं की ते दाखल रजिस्टरमध्ये चढवायचं, त्यात पृष्ठसंख्येचा रकाना असतो. पहिल्या पानावर शिक्का, आत एका ठरलेल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का. मी शेवटचं पान म्हणून दोनशे चाळिसावर शिक्का मारला होता आणि रकान्यात दोनशे चाळीस लिहिलं होतं. आतल्या शीर्षकपानामागे छापलेला आकडा पाहिलाच नव्हता.

“माझी चूक आहे,” मी सगळ्यांसमोर सांगितलं.

खोलीत कुजबूज सुरू झाली. आमच्याकडे त्या पुस्तकाची ती एकच प्रत. बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तीच वाचली होती. पारसशेठ हळूच म्हणाले, “मला पण चुकल्यासारखं वाटलं होतं. पण म्हटलं, मलाच कळलं नसेल. मोठं पुस्तक, कशाला बोला.”

“मी पण तसंच म्हटलं,” पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. मग आणखी एक.

सर कोणाकडेच बघत नव्हते. मला त्यांचं वाईट वाटलं. दहा मिनिटांचं भाषण होतं बिचाऱ्यांचं. लेखिकेनेच त्यांना सावरलं. म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलेला शेवट ऐकताना मला वाटलं, हे मी कधी लिहिलं? वाईट नाही तो. पण माझा वेगळा आहे. वाचू का?”

त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली आणि शेवटची सोळा पानं तिथेच वाचली. चहा निवला, कोणी उठलं नाही. घाटात गाडी बंद पडते. नर्स तीन किलोमीटर चालत गावात येते. आई अंगणात धान्य निवडत असते. लेकीला बघून उठते आणि मिठी मारते.

वाचून झाल्यावर लेखिका थेट मागे बघून म्हणाल्या, “आता सांगा.”

सुमनताई म्हणाल्या, “आता पुरं झालं. घाट लई चांगला हाय. पण आई एवढ्या लवकर इरघळत न्हाई, मॅडम. मी घरच्यांनी बघितलेलं स्थळ मोडलं व्हतं. माझी आई चार वर्षं माझ्याशी बोलली नव्हती.”

“मग?” लेखिकेने विचारलं. “कशी बोलली?”

“एक दिवस गिरणीत आली. डबा ठेवला म्होरं आन् म्हणाली, भाकरीचं हाय, बारीक दळ. बास. मी दळून दिलं. दुसऱ्या आठवड्यात परत आली.”

लेखिकेने पिशवीतून पेन काढलं आणि निमंत्रणपत्रिकेच्या मागे काहीतरी लिहिलं.

“हे मी कधीतरी वापरलं तर चालेल?”

“वापरा की,” सुमनताई म्हणाल्या. “पण शेवटपतोर छापून घ्या.”

त्यावर सगळ्यात मोठ्याने हसले ते सर.

लेखिका आपली प्रत वाचनालयाला देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सर आले, ते सरळ फळ्यासमोर उभे राहिले. “मॅडम, ती ओळ परत लिहा.”

“सर, आता ती खरी नाही.”

“मग नवी लिहा. आणि यापुढे मी सांगितलं तरी पुसू नका.” मग आवाज बारीक करून म्हणाले, “ती पूर्ण प्रत माझ्या नावावर चढवा. सोळा पानं मला डोळ्यांनी वाचायचीत.”

फळ्यावर नवं मत लागलं: “घाट वाचाच. आई जरा लवकर मऊ झाली.” त्या आठवड्यात त्या पुस्तकासाठी नंबर लावावे लागले.

मी दाखल रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती केली, बाजूला सही केली आणि विक्रेत्याला पत्र पाठवलं. त्यांनी प्रत बदलून दिली. नंतर आठवडाभर बसून त्या वर्षी आलेली सगळी पुस्तकं पानन् पान तपासली. आणखी एक सापडलं. त्यात एक फर्मा दोनदा शिवलेला होता. तीच सोळा पानं लागोपाठ दोन वेळा. आठ जणांनी ते वाचून परत केलं होतं. वहीत त्यावर फक्त एक मत होतं: “मध्ये जरा रेंगाळतं.”

आता नवं पुस्तक आलं की शिक्का मारण्याआधी मी पानं मोजते. आणि कोणी काउंटरवर येऊन म्हणालं, की शेवट काही पटला नाही, तर पुस्तक हातात घेऊन पहिल्यांदा पानं मोजते. बहुतेक वेळा ती पूर्ण भरतात.