सोनिवलीत बैठकीला जागा

१९९१च्या फेब्रुवारीतला एक रविवार, सकाळ. ठिकाण: सोनिवली, देवळाचा मंडप. हजर: मी, उल्हासनगर कॅम्प चारमधले एक सिंधी कापडवाले काका आणि त्यांच्यासोबत आलेला अंबरनाथचा एक वेल्डर. दोघांनीही दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. माझ्या धाकट्या दिरांना हजर धरावं की नाही, हे मला ठरवता येईना. ते देवळाबाहेर, पायरीच्या खाली, चपला न काढता उभे होते.

बैठक त्यांच्यासाठीच होती. दारूपायी दोनदा इस्पितळ झालं होतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर मला म्हणाले, "माझं काम संपलं. आता दारू सोडलेल्या माणसांत दर आठवड्याला जाऊन बसले तर वाचतील. तिसऱ्यांदा आणायची वेळ आली तर फार आशा ठेवू नका." आम्ही बदलापूरला राहत होतो, दीर सोनिवलीच्या जुन्या घरी. यांची नोकरी मुंबईला, त्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली. मुलांसाठी शाळा पाहावी तशा मी बैठका पाहत सुटले.

कॅम्प चारची बैठक मला आवडली. माणसं मायाळू, चहा गरम. बोलणं हिंदीत चालायचं आणि रंगात आलं की सिंधीत शिरायचं. दिरांना त्याचं काही नव्हतं. अडचण परतीची होती. बदलापूरला उतरल्यावर गावाकडच्या टेम्पोसाठी उभं राहायची जागा गुत्त्याच्या अगदी समोर. अंबरनाथची बैठक जवळ होती, पण तिथे पहिल्याच खुर्चीवर त्यांच्या कारखान्याचे सुपरवायझर बसलेले.

"यांच्यासमोर काय सांगू, वहिनी? रात्रपाळीला कुठे झोपायचो ते?"

मग मी बैठकच गावात आणायचं ठरवलं. देऊळ सगळ्यांच्या ओळखीचं, झाडलेलं, भाडं नाही, सतरंज्या तिथल्याच. पिणाऱ्या चार-पाच घरांत मी स्वतः जाऊन निरोप दिला. सगळे "येतो" म्हणाले. आलं कोणीच नाही. समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी तेवढी सारखी विचारत होती, "पूजा हाय का गो? परसाद कवा?"

मी बाहेर जाऊन दिरांना म्हटलं, "भाऊजी, आत या. पाहुणे लांबून आलेत."

"इथं नको, वहिनी."

"का? काय वाईट आहे जागेत?"

"देवीसमोर बसून दारूचं बोललं म्हणजे आण घेतली. उद्या पाय घसरला तर? माझं जाऊ द्या, पोरांना भोवेल. म्हणून तर कोणी आलं नाही."

काका मागून आले होते. ते हसले. "अरे साईं, कसम का यहाँ काम ही नहीं. हम तो सिर्फ आज का बोलते हैं. कल का कल देखेंगे."

"तुमच्या देवाला चालत असेल, काका. आमची देवी उद्याचंही लक्षात ठेवते."

वेल्डर हसून खाली बसला तो पायरीवरच. मी सतरंज्या गुंडाळल्या. जिथे आण लागत नाही आणि घरचीही कुणाची नाही, अशी जागा गावात कुठली, असं मी सरळ दिरांनाच विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "भाताची गिरणी."

गिरणीवाल्याने एक अट घातली. "तासभर पट्टा बंद ठेवीन. पण रिकाम्या हाताने येऊन गप्पा ठोकू नका. भात घेऊन या, भरडून न्या."

ही अटच कामाला आली. डोक्यावर गोणी असली की माणूस कुठे चालला, हे कोणी विचारत नाही. पुढच्या रविवारी गावातले तिघे आले, तिघेही गोणी घेऊन. बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीवरचा एक जण पहाटे निघून चालत आला होता. त्याच्याकडे पिशवीभरच भात होता. कोंड्याच्या ढिगाला टेकून काका आधी बोलले, मग वेल्डर. वाडीवरचा म्हणाला, "माझी बाय घरात मोहाची गाळते, इकते. मी प्यालो नाय तर ती म्हनते, तुला माझ्या हातची चालत नाय का?" सगळे हसले, तोही हसला. दीर त्याच्याकडे बघतच राहिले आणि मग त्यालाच उद्देशून, हळूहळू, आपलं सांगू लागले. मी उठून बाहेर चहाचं बघायला गेले.

उन्हाळाभर बैठक नीट चालली. दीर कामावर जाऊ लागले, अंगावर थोडं मांस आलं. पावसाळ्यात ओढा भरला आणि वाडीवरचा माणूस यायचा बंद झाला. दोन रविवार दीर गिरणीत जाऊन काही न बोलता परत आले. तिसऱ्या रविवारी ते सकाळीच बदलापूरला आमच्या दारात उभे.

"वहिनी, तो येत नाही, तर आपण तिकडे जायला हवं. त्याच्यासाठी नाही म्हणत. मला त्याच्याशिवाय बोलताच येत नाही."

मी चौकशी केली. ओढा थोडा उतरला की त्याला येता येईल अशी, अलीकडच्या काठावर एक झोपडी रिकामी होती, पण तिचं छप्पर गळत होतं. पलीकडे वाडीत गिरणी नाही, दुकान नाही, आणि बहुतेक घरांत मोहाची भट्टी लागते. लांबच्या वाटेने, पूल ओलांडून गेलं तर वाडीजवळ एक शाळा लागते, रविवारी ती रिकामी असते म्हणतात. तिथल्या गुरुजींना भेटायचं आहे. अजून भेटणं झालेलं नाही.