बासष्टवर थांबलेला आकडा

आई जोहे गावात दुसऱ्याच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती घासायला जायची. संध्याकाळी घरी यायची ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन. बाबा डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे. बोलावलं तर काम. मूर्ती रंगाला देण्याआधी आई तिच्या पाठीला उलटा हात लावून बघायची. गार लागली तर आत ओल आहे, वरून कितीही कोरडी दिसो. त्याच हातांच्या मजुरीवर मी इंजिनियर झाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी, आणि हे सांगायला मला संकोच नाही.

मी नोकरीला लागले त्या रोह्याच्या केमिकल कंपनीत रसायन शिजवणाऱ्या बंद टाकीचं, म्हणजे रिअॅक्टरचं तापमान संगणकावर दिसायचं. ते मोजणारं कार्ड बदललं, आणि आमचा संगणक चालवणाऱ्या लिनक्सला नवं कार्ड ओळखताच येईना. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, तो मुकादम. सगळी कामं त्याच्या हाताखालून जातात. पण नव्या कार्डाची भाषा त्याला कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. तो मी लिहिला.

पहिल्या बॅचच्या सकाळी खोड निघाली. शेजारची मोटर सुरू झाली की कार्ड क्षणभर उत्तर देईना. पडद्यावर शून्य येई, भोंगा वाजे, माणसं जिन्याकडे धावत.

"हा तमाशा बंद करा," प्लँट मॅनेजर म्हणाले. "बॅच आजच घ्यायची आहे."

मी दोन ओळी टाकल्या. कार्ड बोललं नाही तर आधीचाच आकडा दाखव. भोंगा थांबला. साहेब खूश.

दुपारी पडद्यावर बासष्ट अंश. ऑपरेटर पांडूकाका संगणक असूनही दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत लिहायचे. मला हसू यायचं. त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

"मॅडम, बासष्ट, बासष्ट, बासष्ट. पॉइंटच्या पुढचा पण तोच."

"स्थिर आहे काका. चांगलंच की."

"एवढी वर्षं ह्याच्यापाशी काढली. असा निमूट बसलेला कधी बघितला नाय. आत शिजतंय, आकडा हलणार नाय?"

मी वहीतले आकडे पुन्हा वाचले. कार्ड क्षणभर नव्हे, कायमचंच गप्प झालं असेल तर?

रिअॅक्टरच्या अंगावर, वरच्या मजल्याशी, जुना काट्याचा थर्मामीटर होता. आम्ही जिना चढलो. काटा एक्क्याऐंशीवर. नव्वदला आतली क्रिया हाताबाहेर जाते, मग झाकण धरत नाही. खाली सहा माणसं ड्रम भरत होती.

"पाणी सोड गो! बघतेस काय!" काकांच्या तोंडची 'मॅडम' कुठल्या कुठे गेली. काकांनी टाकी तापवणारी वाफ बंद केली आणि कठड्यावरून ओरडले, "भायेर व्हा सगळे!"

थंड पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवताना माझे हात घामाने घसरत होते. काटा चौऱ्याऐंशी. पाणी पूर्ण सुटलं, तरी सत्त्याऐंशी. तापमान लगेच उतरत नाही, हे पुस्तकातून ठाऊक होतं. पुस्तकाने धीर दिला नाही. अठ्ठ्याऐंशीवर काटा थांबला. थरथरला. मग उतरू लागला.

"घाईत गो म्हटलं, मॅडम," काका घाम पुसत म्हणाले.

"आता गोच म्हणा."

मॅनेजर म्हणाले, "अहवालात कार्ड खराब निघालं, असं लिहू."

"कार्ड गप्प होतं, साहेब. त्याच्या नावाने माझा ड्रायव्हर बोलत होता. तसंच लिहा."

"नोकरीवर येईल."

"येऊ दे."

रविवारी आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी हात लावून बघायचा ना गो."

नोकरी राहिली. ड्रायव्हर मी पुन्हा लिहिला: कार्ड गप्प झालं तर आकडा नाही, नुसत्या फुल्या, आणि भोंगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. मग तो लिनक्सच्या मूळ कर्नलसाठी, तो सांभाळणाऱ्या जगभरच्या प्रोग्रामरांकडे पाठवला. तपासणाऱ्यांनी तीनदा परत केला, चौथ्यांदा घेतला. आता ते कार्ड नव्या कर्नलच्या कुठल्याही संगणकात बसवलं की चालतं. ड्रायव्हरच्या फाइलच्या सुरुवातीला माझं नाव आहे; मधलं नाव आईचं.