जयवंताची उमेदवारी

तारामतीबाईंनी जयवंताला पहिल्यांदा पाहिलं ते चर्चच्या मागच्या पटांगणात, पदर कमरेला खोचून व्हॉलीबॉलच्या जाळ्याची दोरी ओढताना. दोन मुलगे जाळं वर धरून उभे होते आणि ती त्यांना सांगत होती, "अजून खाली. अरे, खाली म्हणते ना! इतकं उंच बांधलं तर मुलींनी काय नुसतं बघत बसायचं?"

हे १९५६ सालच्या जून महिन्यातलं. हैदराबादेत आबिड्सच्या मागच्या गल्लीतल्या त्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तोवर मुली खेळत नसत, त्या खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळत. शब्बाथ शाळेचं, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाचं, काम पाहणाऱ्या तारामतीबाई चष्मा पुसून पुन्हा पाहू लागल्या. पाळकसाहेबांनी तरुण संघासाठी जालन्याहून उमेदवार मागवला होता, आणि उमेदवार म्हणजे कोणीतरी मिशीवाला असणार अशी सगळ्यांची समजूत होती. आलेली ही बावीस वर्षांची, काळीसावळी, रुंद पावलांची मुलगी होती. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि मिशनच्या शाळेतला दोन वर्षांचा अनुभव एवढंच सामान.

"सलाम बाई," ती म्हणाली. "मला तुमच्याकडे राहायला सांगितलंय. मी भात खूप खाते, आधीच सांगून ठेवते."

तारामतीबाई नल्लकुंट्याला एकट्या राहत. त्यांना ती त्याच क्षणी आवडली, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

उमेदवारी सहा महिन्यांची होती. डिसेंबरआधी कमिटीने ठरवायचं, की हिला कायम ठेवायचं की परत पाठवायचं. एरवी हा नुसता रिवाज असता. पण त्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. एक नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, आणि मंडळीतल्या सरकारी नोकरांची नावं एकेक करून तिकडच्या यादीत लागत होती. रोज कोणाच्या तरी दारात बैलगाडी उभी. कमिटीचे चिटणीस लक्ष्मणराव महसूल खात्यात होते, त्यांचीही बदली औरंगाबादला झाली होती. ते उघड म्हणत, "निम्मी मंडळी रिकामी होणार. मग तरुण संघ कोणासाठी? राहतील ती पोरं तेलुगू नाहीतर इंग्रजी चर्चमध्ये जातील."

जयवंताला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तिने रात्रीच्या भाताबरोबर ते पचवलं आणि दुसऱ्या दिवशी सतरा मुलामुलींच्या नावांची यादी केली. महिनाभरात तिला प्रत्येकाचं घर, आई, धाकटं भावंड, कोणाला दमा आहे, कोण आईशी बोलत नाही, सगळं ठाऊक झालं. संघात वीस वर्षांचा उमाजी होता. अफझलगंजला कागदाच्या ठोक दुकानात नोकरीला. आवाज असा की त्याने प्रार्थना म्हटली की मागच्या बाकावरची म्हातारी माणसं डुलकी सोडून बसत. शास्त्रपाठ वाचायचा तर उमाजीनेच, असं मंडळीत ठरूनच गेलं होतं.

ऑगस्टमध्ये तरुणांचा रविवार आला. उमाजी आदल्या दिवशी म्हणाला, "ताई, या टायमाला माझ्या बहिणीला सांगा ना. कुसुम चांगलं वाचते."

"लाजायला काय झालं? तूच वाचायचंस."

"लाजत नाही हो. नक्को म्हणतो, बस."

जयवंता हसली आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेली.

रविवारी सकाळी पाळकसाहेबांनी उतारा बदलला. ठरला होता मेंढपाळाचा, पण त्या आठवड्यात आणखी दोन घरं हलणार म्हणून प्रवासाला निघालेल्यांचा उतारा घ्यावा असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी जयवंताच्या कानात सांगितलं. तिने पान उघडून खूण घातली आणि ग्रंथ उमाजीच्या हातात दिला. "हे वाच."

उमाजी उभा राहिला. त्याने पानाकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि त्या भारदस्त आवाजात मेंढपाळाचा उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. मध्ये एकदा पानही उलटलं. लोक आपापल्या हातातल्या पुस्तकात ओळी शोधत राहिले, मग एकमेकांकडे पाहू लागले. पुढच्या बाकावरून लक्ष्मणराव मोठ्याने म्हणाले, "हा कुठला अध्याय वाचतोय?" मागे कोणीतरी खुदकन हसलं. उमाजीने ग्रंथ अलगद मिटला, टेबलावर ठेवला आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेला.

पुढच्या शनिवारी तो संघाच्या खेळाला आला नाही. आणखी पाच जण आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी खेळायला सातच होते.

"मी चूक केली," जयवंता जेवताना म्हणाली. "त्याला वाचता येत नाही. आणि तो मला सांगत होता तर मी पाठीवर थाप मारली."

तारामतीबाईंचा घास हातातच राहिला. उमाजी सहा वर्षं त्यांच्या शब्बाथ शाळेत होता. सगळी वचनं तोंडपाठ, सर्वांत हुशार मुलगा म्हणून त्यांनी त्याला दोनदा बक्षीस दिलं होतं. त्याच्या हातात पुस्तक देऊन 'हे वाच' असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. वचनं त्या स्वतः म्हणून दाखवत आणि मुलं मागून म्हणत. तोच तर रिवाज होता!

"तीस वर्षं मी मास्तरीण आहे," त्या म्हणाल्या. हातातला घास त्यांनी पानात परत ठेवला.

सोमवारी दुपारी दोघी अफझलगंजला गेल्या. कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये उमाजी मांडी घालून बसला होता आणि उजवीकडून डावीकडे झरझर उर्दूत लिहीत होता. गिऱ्हाईक तोंडाने सांगत होतं, त्याच्या आधी त्याचं लिहून होत होतं. अक्षर असं देखणं की तारामतीबाईंना ते वाचता येत नसूनही बघत राहावंसं वाटलं. त्यांना पाहून त्याने मान खाली घातली.

"उर्दू शाळेत घातलं बाबांनी," तो म्हणाला. "तेव्हा सरकारी नोकरी पाहिजे तर उर्दूच पाहिजे होती. घरात मराठी बोलायचो, पण ते अक्षर कोण शिकवलं आम्हाला? कुसुम धाकटी, ती नंतर मराठी शाळेत गेली. शुक्रवारी तिच्याकडून उतारा तीनदा वाचून घ्यायचा, पाठ करायचा. पान कुठं उलटायचं ते पण ती सांगायची."

"बाकीचे पाच? त्यांचंही असंच ना?"

"मी सांगणार नाही त्यांची नावं."

"नको सांगूस," जयवंता म्हणाली. ती पुढे वाकली आणि त्याने लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "मला हे शिकवशील?"

"तुम्हाला? कैको?"

"मला या गावात राहायचंय. बसच्या पाट्या वाचता येत नाहीत, दुकानांच्या वाचता येत नाहीत. परवा बरकतपुऱ्याला जायचं तर बस मला चारमिनारला घेऊन गेली. तू मला ही अक्षरं शिकव, मी तुला मराठीची शिकवते. कोणाचे उपकार कोणावर नाहीत."

उमाजी हसला. "ताई, तुमचा हात बसायला साल लागेल."

"मग सालभर राहीन."

ती हे इतकं सहज म्हणाली, की तिच्या उमेदवारीचे तीनच महिने उरलेत हे तारामतीबाईंनाच आठवावं लागलं.

शनिवारी शब्बाथ शाळेच्या खोलीत दोन पाट्या आल्या. एकीवर उमाजी 'क' काढत होता, दुसरीवर जयवंता 'अलिफ'. पुढच्या शनिवारी आणखी दोघे आले, मग राहिलेले तिघे. जयवंताचं उर्दू अक्षर मुंग्यांनी वाट चुकावी तसं यायचं. त्यावर सगळी पोरं पोट धरून हसायची आणि त्या हसण्यात आपलं अडखळणं विसरून जायची. त्या पाचांत लक्ष्मणरावांचा थोरला मुलगा माधव होता. तो पहिल्या दिवशी दार लावून घेऊन म्हणाला, "बाबांना कळता कामा नये."

"माझ्याकडून कळणार नाही," जयवंता म्हणाली. "पण तू जूनमध्ये औरंगाबादला कॉलेजात जाणार. तिथे त्यांच्यापासून किती दिवस लपवशील?"

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. पाच माणसं, त्यांत एक तारामतीबाई. जयवंताला भिंतीकडेला खुर्ची दिली होती. लक्ष्मणरावांनी सरळ सुरुवात केली.

"या बाईंनी देवाच्या घरात उर्दू मदरसा काढलाय. तिकडे मराठी मुलूख एक होतोय आणि इकडे आमची पोरं अलिफ-बे करतायत. आधीच संघाला माणसं नाहीत. माझं मत, डिसेंबरची वाट कशाला बघायची? या महिन्यातच निरोप द्यावा."

पाळक हिम्मतराव मवाळ माणूस. त्यांनी जयवंताकडे पाहिलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"निरोप द्यायचा तर द्या," जयवंता उठून म्हणाली. "पण कारण खरं लिहा. संघात सतरा जण होते, आज बावीस आहेत. मी उर्दू शिकवत नाही, शिकते. शिकवते ती मराठी. सहा जणांना अक्षर येत नव्हतं. सगळी याच मंडळीत वाढलेली."

"सहा जण? कोण?" लक्ष्मणराव म्हणाले. "नावं सांगा."

"नाही सांगणार."

"म्हणजे थाप!"

तारामतीबाईंच्या ओठांवर नाव आलं होतं. माधवचं नाव घेतलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. पण जयवंताने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, किंचित. त्यांनी ते नाव गिळलं. नोकरी जाईल, पण पोराला दिलेला शब्द जाणार नाही, हे त्या मुलीने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

खोलीची खिडकी उघडी होती. बाहेर पायरीवर संघाची पोरं बसलेली. कोणीतरी उठल्याचा आवाज झाला आणि दारात माधव उभा राहिला. त्याच्या काखेत पाटी होती.

"बाबा, मी त्यातला आहे," तो म्हणाला. "तुम्ही रविवारी पुस्तक माझ्यासमोर धरायचा ना, मी नुसते ओठ हलवायचो."

लक्ष्मणराव त्याच्या काखेतल्या पाटीकडे पाहू लागले. आयुष्यभर त्यांनी कचेरीत उर्दूत लिहिलं, घरच्या किराण्याची यादीसुद्धा उर्दूत. मुलाला त्यांनीच हाताला धरून त्या शाळेत नेलं होतं. त्यांनी टेबलावरची भजनांची वही पुढे सरकवली. "वाच."

माधवने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. जोडाक्षर आलं की थांबायचा. दुसऱ्या ओळीला लक्ष्मणरावांनी अडलेला शब्द सांगितला. चौथ्या ओळीला त्यांनी आपली खुर्ची मुलाच्या जवळ ओढली. एक कडवं संपायला इतका वेळ लागला, की बाहेरच्या पोरांनी खिडकीत गर्दी केली. पण सबंध कडवं त्याने वाचलंच.

"एक नोव्हेंबरपर्यंत अजून दोनच शनिवार आहेत," लक्ष्मणराव म्हणाले. "जयवंताबाई, बुधवारीही वर्ग घेता येईल का?"

"येईल. पण माझी उमेदवारी?"

"अहो, चिटणीस मीच आहे अजून." त्यांनी टाक उचलला. "ठराव मीच मांडतो. पाळकसाहेब, अनुमोदन कोण देणार?"

चौघांनी एकदम हात वर केले. तारामतीबाईंनी चुकून दोन्ही केले.

लक्ष्मणराव महिनाअखेरीस औरंगाबादला गेले. संघात मग अकरा उरले, पुढे नऊ, एका वर्षी तर सहाच. जयवंताने एकतीस वर्षं ते काम केलं. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला ती उलट विचारत असे, "तुम्ही का केलंत?" तारामतीबाईंच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं तिनेच पाहिलं.

जयवंताबाई आता ऐंशीच्या आहेत. नल्लकुंट्यालाच दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. गेल्या जुलैत त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि उजव्याचं पुढच्या महिन्यात आहे. तोवर मराठी आणि उर्दू दोन्ही त्या एकाच डोळ्याने वाचतात.