वाटेचा मॅटर

भिवंडीत आजवर ज्यांच्यावर मी चिडलो त्या सगळ्यांवरचा राग एकत्र केला, तरी निजामपुऱ्यातल्या आमच्या प्रेसवाल्या काकांवरच्या रागाची बरोबरी व्हायची नाही. मी पत्रकं वाचत वाढलो, पत्रकं लिहीत तरुण झालो. ती सगळी याच माणसाने छापली आणि एकही मागितल्या वेळेला दिलं नाही.

काकांना मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही भाषा येत, पण तिन्हींचं काम ते एका इंग्रजी शब्दावर भागवायचे. मॅटर. छापायचा मजकूर म्हणजे मॅटर, हे धंद्यातलंच. पण गल्लीत दोन लूमवाल्यांची जुंपली की मॅटर झाला, कोर्टात तारीख पडली की मॅटर चालू, समोरच्या झेरॉक्सवाल्याचं कुणावर मन बसलं की त्याचा मॅटर, आणि स्वतःच्या अंगठ्यात पू झाला तर तोही मॅटरच. एकदा एका लग्नपत्रिकेतली नावं तपासायची राहिली, तेव्हा शाळेत मास्तर असलेल्या वधूपित्याला त्यांनी फोन केला, "तुमच्या मुलीचा मॅटर माझ्याकडे आलाय, लोकांत जायच्या आत बघून घ्या." बिचारे मास्तर वर्ग सोडून घामाघूम होऊन धावत आले. काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि मामांचं आडनाव विचारलं. एवढी संपन्न मराठी असताना हा एकच शब्द का, असं मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "तुझ्याकडे शब्द जास्त आहेत, म्हणून तर तुझा मॅटर लांबतो."

हेही मी सोसलं असतं. पण ज्याचा मॅटर, त्याला वाचून दाखवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. आणि ज्याचा म्हणजे लिहिणाऱ्याचा नव्हे, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचा. सवलत फक्त श्रद्धांजलीच्या पत्रकांना.

अंबाडी गावाच्या पुढे एका पाड्याची शाळेकडची पायवाट नव्या गोडाऊनच्या भिंतीने बंद केली. पोरं ट्रेलरच्या रस्त्याने जीव मुठीत धरून शाळेत जाऊ लागली. शुक्रवारी ग्रामसभा होती. लोक जमले तर ठराव होणार, नाहीतर भिंत कायमची. गुरुवारी सकाळी मी भांडवलाची पिसं काढणारा दोन पानी मजकूर घेऊन प्रेसवर धडकलो. पाड्यावरच्या कुणी हे ऐकलंय का, काकांनी विचारलं. वेळ नाही, मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तुमच्यासारख्यांमुळेच या देशात काही बदलत नाही, असं मी त्यांना बरंच सुनावलं. ते मशीन पुसत राहिले.

शेवटी रिक्षा करून मी पाड्यावर गेलो आणि मजुरीला निघालेल्या एका बाईंना घेऊन आलो. त्यांची मुलगी तिसरीत होती. काकांनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि दोन्ही पानं सावकाश वाचली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"दादा, लय चांगला लिवलाय," त्या म्हणाल्या. "पन आमची वाट कंची, ता न्हाय यात. आन् सभेला कवा यायचा?"

मी वेळ लिहिली नव्हती. जागाही नाही. काका हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी वाट सांगितली, मी वेळ आणि जागा, तसं त्यांनी लिहून घेतलं: विहिरीपासून चिंचेखालून शाळेपर्यंतची वाट, शुक्रवारी दहा वाजता ग्रामपंचायतीत, सगळ्यांनी या. चार ओळी. दुपारपर्यंत छापून झाल्या. शुक्रवारी पायऱ्यांवरही बसायला जागा उरली नाही. ठराव झाला, आणि पुढे भिंतीत लोखंडी फाटक बसलं.

ही बातमी मी विजयी वीरासारखी काकांना सांगितली. ते म्हणाले, "फाटकाची कडी कुठल्या बाजूला आहे?"

मी पाहिली नव्हती. धुसफुसत दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिली. कडी गोडाऊनच्या बाजूला होती आणि तिला कुलूप. वॉचमनला जाग आली की उघडायची. भिंतीच्या अलीकडे पोरं दप्तरं पाठीला लावून उभी होती.

हे सांगायला मला काही दिवस उशीर झाला. गेलो तेव्हा शटर खाली होतं. गुडघे अगदीच गेले म्हणून लेक त्यांना खारबावला घेऊन गेली, असं झेरॉक्सवाला म्हणाला. फोन नंबर आहे माझ्याकडे. पण फोन केला, तर ते पहिलं विचारणार की पोरं किती वेळ उभी असतात. म्हणून सध्या रोज सकाळी मी त्या फाटकापाशी पोरांबरोबर उभा राहतो.