लुगड्यातली मावशी

“तोंडाला रंग लागला, की जिभेला मालक नाही,” असं भागोजी उठता-बसता म्हणायचा. गिरणीत होता तेव्हाही म्हणायचा आणि त्र्याऐंशी साली, संप काही मिटेना म्हणून गावी येऊन बसला, तेव्हाही म्हणायचा.

शिमग्यात सोंगं घेतलेले खेळे घरोघरच्या अंगणात नाचायचे. भागोजी गवळणींची मावशी व्हायचा. मिशी तशीच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि अंगावर सावित्रीवहिनींचं हिरवं लुगडं. ते वहिनींना माहेरून आलेलं. वर्षभर ट्रंकेत पडून राही आणि शिमग्यात भागोजीच्या अंगावर चढून गावभर बोलून येई. रेशनच्या साखरेवर बोले, न आलेल्या एसटीवर बोले. घरात वहिनींना फारसं बोलायला मिळत नसे. लुगडं बोललं, म्हणजे थोडं आपणही बोललो, असं वाटून त्या पदराआड हसत.

त्यांचे यजमान आत्माराम गावचे सरपंच. खाडीच्या फाट्यावरचा साकव, पायी ओलांडायचा पूल, वाहून गेला, त्याला दोन वर्षं झाली. ‘मंजूर झालाय,’ एवढंच सरपंच म्हणत, आणि भरतीला माणसं कमरेभर पाण्यातून ये-जा करत.

त्या साली लुगडं देताना सरपंचांनी बजावलं, “भागोजी, माझ्या घरचं लुगडं नेसून साकवाचा शब्द काढलास, तर तिथंच सोडून घेईन. पुन्हा कधी मिळायचं नाय.”

“नाय काढत. देवाशप्पत!”

वहिनींना मात्र ह्याची जीभ ठाऊक होती.

दुपारी खेळे सरपंचांच्या अंगणात आले. मृदंग घुमला. मिशीवाल्या गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या, पुढे मावशी. अंगणाच्या मधोमध मावशी थबकली. अंगठा बुडवून पाहिला, अंग शहारलं. लुगडं घोट्यावर घेतलं, मग गुडघ्यावर. मागच्या गवळणींनीही घेतलं. सारवलेल्या कोरड्या अंगणात सगळे हात मारत चालले. पेंद्या दोनदा बुडाला, त्याला शेंडीला धरून वर काढला. मावशीच्या तोंडून शब्द नाही.

एवढ्यात मावशीच्या हातून लुगड्याचा काठ सुटला, तो ‘पाण्यात’ गेला. वहिनींचा जीव कळवळला.

“मेल्या, भिजेल ना ते! वर घे!” त्या ओरडल्या आणि त्याच दमात नवऱ्याकडे वळल्या, “अहो, बांधा की तो साकव एकदाचा!”

अंगण हसून लोळलं. मृदंगवाला तर मृदंगावरच आडवा झाला.

“सोड लुगडं!” सरपंच गरजले.

“मी ब्र तरी काढला काय? वहिनी बोलल्या.”

“सोड म्हणतो ना!”

भागोजीनं लुगडं सोडलं. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. त्यानं निगुतीनं घडी घातली आणि वहिनींच्या हातात दिली.

“बघा वहिनी, कुठं भिजलं नाय.”

मग चोळी, चड्डी आणि अंबाड्यात अबोलीची वेणी, अशी मावशी एकटीच समोर दिसणाऱ्या खाडीच्या फाट्याकडे चालू लागली. भरती चढली होती. पाण्याशी ती थांबली, नसलेल्या निऱ्या दोन बोटांत उचलल्या आणि पाण्यात उतरली.

सरपंच कधीच आत गेले होते. अंगणाच्या पायरीवर वहिनी लुगडं छातीशी धरून बघत होत्या, मोठ्यानं हसत, आणि पदर तोंडाशी न्यायचं त्यांना सुचलंच नाही.