रिकाम्या सीटांचं भाडं

पार्बताबाईनं आयुष्यात एकदाच मोटार भाड्यानं केली. केली नसती तर बरं झालं असतं, असं पातुरातले लोक पुढं पुष्कळ वर्षं म्हणत. म्हणणाऱ्यांत त्या मोटारीत बसून गेलेलेच जास्त होते. लोकांचं असंच असतं.

पातूरला नदीकाठी तिचा मळा होता. फार मोठा नाही. मेथी, वांगी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि कडेनं झेंडू. मुलगी रांगत होती तेव्हाच नवरा पटकीत गेला. दीर नाही, भाऊ नाही. मोट, पाणी, बाजार सगळं हिच्याच अंगावर. बाई उंच, काळी, तोंडानं फटकळ. बाजाराच्या दिवशी भाड्याच्या बैलगाडीत टोपल्या अशा रचायची की दोहोंच्या मधे हात जाऊ नये. गाडीवान कुरकुरला की म्हणायची, "भाडं गाडीचं देल्लं मी, गाडीतल्या हवेचं नाई."

मुलगी शकुन. तिला अंजनगाव सुर्जीला दिली होती, केळीचा बगीचा असलेल्या घरात. घर खाऊनपिऊन सुखी, जावई मात्र दिवटा. शकुन दिवाळीला माहेरी आली, तिला न्यायला कोणी आलं नाही. मग एक दिवस जावई आला तो तिला न्यायला नव्हे. "बुढीले नातू पाहाचा हाय, आठ रोजात आणून देतो," म्हणून शालिकरामला, म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या पोराला घेऊन गेला. पोरगं परत आलं नाही. गुढीपाडव्याला कळलं, त्यानं दुसरी बायको केली.

नवरा गेला याचं शकुनला फारसं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं असावं. पण पोरासाठी तिनं अंथरूण धरलं. वाफ्यात पाणी सोडायला बसली की बसूनच राहायची, पाणी बांध फोडून दुसऱ्याच्या वावरात जायचं. पार्बताबाई ओरडायची, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच बांध घालायची.

शेवटी अंजनगावला समाजाचे पंच बसायचं ठरलं. वैशाखातला दिवस. मुलीकडच्यांनी आपले पंच घेऊन यायचं, समोरासमोर दोन सतरंज्या टाकायच्या, आणि बोलायचं. मुलीच्या सतरंजीवर माणसं किती, यावर तिचा शब्द तोलायचे. सतरंजी रिकामी राहिली तर तिला बोलायचंच नव्हतं असं धरायचे. दिवेलागणीला पंच उठायचे, आणि एकदा उठले की त्या गोष्टीसाठी पुन्हा बसायचे नाहीत. रीत वाईटच, पण ती पाळणारे स्वतःला मोठे न्यायी समजत.

पातूरचे पंच म्हणजे किसनराव आणि त्यांच्या वयाची आठ-दहा म्हातारी माणसं. पार्बताबाई त्यांच्या ओट्यावर गेली. म्हणाली, अकोल्याहून आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून छोटी गाडी अंजनगावले जाते.

किसनराव पान लावत होते. "लढाईचे दिवस हायत पार्बता. गाड्या शिपायायनं भरून चालल्या. पंचायले गठुड्यावाणी कोंबून नेशीन, तं तिथं आमचं कोण आयकन?"

"मंग कसं करू बाप्पा?"

"मोटार कर. दारातून दारात. न मी ड्रायव्हरच्या बाजूले बसीन, मांगं मले ओकारी होते."

शकुनची बाजू मांडायला हीच माणसं होती, दुसरी नव्हती. म्हणून पार्बताबाई मोटार स्टँडवर खुशालरावकडे गेली. तो मोटारमालकाचा माणूस, सौदे ठरवणारा. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून ती खालीच बसली.

"काहून बे एवढे? मोटार विकत मांगून राह्यली का मी?"

"मावशी, आयका तं खरं. त्या दिवशी दांडगी लग्नतिथी हाय. सारे मोटारच मांगून राह्यले. आठ दिवसानं जा, अर्ध्यात नेतो."

"पंच काय माह्या सोयीनं बसतीन?"

"तेच तं. मंग तिथीचा भाव लागन. दुसरं, अंजनगाव अमरावती जिल्ह्यात. आपला परवाना अकोल्याचा. तिकडचा परवाना काढा लागते, तो काही फुकट भेटत नाई. अकोटच्या पुढं रस्ता पाह्यला का? स्प्रिंगचा एखादा पाटा तुटलाच समजा. न तिथं दिवसभर मोटार उभी राहीन."

"उभी राहीन तं राहीन. उभ्या गाडीचं कायचं भाडं?"

खुशालराव हसला. "मोटार म्हंजे बैल नोय मावशी, की बांधावर सोडले न चरले. उभ्या मोटारीचा ड्रायव्हर जेवते, न मालकाची दुसरी फेरी बुडते."

तिला बैलगाडीचा हिशेब पाठ होता. बैल थांबले तर उलट बरंच, विसावा मिळतो. थांबण्याचेही पैसे पडतात हे तिला नवीन होतं, आणि अन्यायाचंही वाटलं. पण खुशालराव खोटं बोलत नव्हता. तो माणूस वाईट नव्हता, त्यानंच वाट सुचवली. पेट्रोल कुपनावर मिळायचं, महाग. मागं कोळशाची भट्टी बसवलेली एक जुनी मोटार होती, कोळशाच्या धुरावर चालणारी. ती स्वस्त पडेल.

"चालते ना पण?"

"चालते तं. हळू चालते. फक्त लय वेळ उभी करू नोका. भट्टी निवली का पुन्हा पंखा फिरवून फुलवा लागते, मंग हालते."

"न माणसं कमी नेली तं? आमी दहा-बाराच हाओ."

"दहा न्या का पंचवीस न्या, मोटार तेवढीच चालते. रिकाम्या सीटायचं भाडंही तुमच्यावरच."

हे शेवटचं वाक्य तिच्या मनात कुसळासारखं घुसलं. दोन्ही हातांतले चांदीचे गोट तिनं मोडले, तरी थोडे पैसे कमीच पडत होते. आणि अर्धी मोटार रिकामी जाणार! जिनं जन्मभर गाडीत हात जाईल एवढी फट ठेवली नाही, तिला ते कसं सोसावं? दोन दिवस तिनं गावात विचारलं. कोणाला अकोल्याला जायचं? कोणाला अकोटला? लग्नसराईत जायचं तर प्रत्येकाला होतं. सगळ्या जागा विकल्या गेल्या, वर टपावर दोघं बसले.

खुशालरावला सांगायला गेली तेव्हा चेहरा फुलला होता. तो म्हणाला, "भरली ते बरं केलं. पण मावशी, ज्यायच्याकडून पैसे घेतले ते मंग तुमचे पाहुणे नाई राह्यत."

"म्हंजे?"

"काई नाई. सकायी लवकर निघा."

तिला वाटलं, जागा याच्या हातून विकल्या नाहीत, म्हणून याला दलाली बुडाल्याचं दुःख झालं असेल.

सकाळी लवकरच निघाले. भट्टीतून धूर निघत होता, किसनराव पुढं फेटा सावरून बसले होते, आणि शकुननं कितीतरी दिवसांनी केस नीट विंचरले होते. मांडीवर गाठोडं. त्यात शालिकरामसाठी शिवलेलं अंगडं. अंदाजानंच बेतलेलं, मधे सहा महिने होत आले होते, पोरगं वाढलं असेल. ती ते सारखं उघडून बघे. पार्बताबाई म्हणाली, "नको मळवू वो. सांजच्यानं आंगावर घालशीन त्याच्या."

हे बोलायला नको होतं, असं तिला पुढं वाटत राहिलं.

अकोल्याला जानरावनं मोटार थांबवायला लावली. तिच्याच शेजारचा शेतकरी, मुलीचं लग्न तोंडावर. "कंट्रोलचं कापड भेटून राह्यलं म्हंतात. येवढ्यातल्या येवढ्यात आलो, पार्बतामाय."

तो उतरला तसे आणखी सहा-सात उतरले. कोणाला साखर पाहिजे होती, कोणाला सोनार गाठायचा होता. कापडाच्या दुकानापुढं रांग. ऊन चढलं. ड्रायव्हर म्हणाला, भट्टी निवून राह्यली. पार्बताबाई रांगेपर्यंत गेली.

"जानराव, चाला ना बाप्पा. पंच बसले असतीन."

"मोर दोनच माणसं हायत वो. इतके घंटे उभा राह्यलो ते पाण्यात टाकू का?"

"माह्या पोरीचं लेकरू..."

"न माह्या पोरीचं लगन नाई का? फुकट बसलो का मी मोटारीत?"

ती परत आली. शकुन खाली उतरून उभी होती. "माय, त्यायले सोडून चाल म्हण ना ड्रायव्हरले."

"कसं म्हणू? पैसे देल्ले त्यायनं. सामान मोटारीत हाय त्यायचं."

"मोटार तं तू केली ना?"

 पहाटेपर्यंत मोटार पार्बताबाईची होती. आता पंचवीस जणांची झाली होती, आणि त्यात तिच्या वाट्याला फक्त घाई आली होती. ती किसनरावांकडे गेली. त्यांनी एक शब्द टाकला असता तर जानराव काय, सगळे मुकाट चढले असते. म्हातारा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. डोळे न उघडता म्हणाला, "आपल्याच गावचे लोक हायत पार्बता. नाराज नोको करू. आपल्याशिवाय बसतीन का ते पंच?"

कापड मिळालं. मग ड्रायव्हरनं पंखा फिरवून भट्टी फुलवली. त्यात थांबले त्याच्या निम्मा वेळ आणखी गेला. अकोटला मोटारीतली गोदाबाई अडून बसली. बहीण बाळंत झाली होती, घर वाटेवरच होतं, नुसतं तोंड बघून येते म्हणाली. बाळाचं तोंड बघायला मोटार थांबवू नका असं शकुनच्या देखत कोण म्हणणार? पुन्हा भट्टी निवली. पुन्हा पंखा. पुढं एका चढावर मोटार अडकली, सगळे उतरून ढकलू लागले. शकुननं तर असा जोर लावला की हातातल्या बांगड्या फुटल्या. सूर्य केळीच्या बागांमागं उतरत होता. कोणीतरी गंमत केली, "बैलगाडीनं निघालो असतो तं कालच पोचलो असतो!" मोटारभर हसू. पार्बताबाई हसली नाही, पण तिनं त्या माणसाला शिवीही दिली नाही, आणि त्यावरून तिची दशा समजावी.

अंजनगावच्या वेशीत शिरले तेव्हा दुकानांत कंदील लागले होते.

देवळापुढं एक माणूस सतरंज्या गुंडाळत होता. तिथल्या पंचांचे पुढारी चंद्रभान ओट्यावर उभे होते.

"बाई, आमी दिवा लागेलोक बसलो. तुमची सतरंजी मोकळीच राह्यली. त्यायच्याकडचे बोलले, तुमच्याकडून कोणीच बोललं नाई. पोरगं बापाच्या घरी राहीन. पोरीले फारकत देल्ली, तिनं खुशाल पाट लावावा."

"मोटार खोळंबली बाप्पा," पार्बताबाई म्हणाली. "सकायी अंधारात निघालो आमी. हे पाहा, सारे पंच आणले मी. आतातरी बसा. पाया पडतो तुमच्या."

किसनराव आता जागे झाले होते. फेटा सावरत पुढं आले. "आमी पातूरचे पंच हाओ. आमाले आयकल्याबिगर निकाल कसा देल्ला?"

"पंच ना तुमी? मंग येळेवर याचं होतं."

किसनरावांना राग आला तो पार्बताबाईचा. वळून म्हणाले, "चारचौघांत इज्जत घालवली आमची."

शकुन कोणाचं ऐकायला थांबलीच नव्हती. पार्बताबाई धावत सासरच्या दाराशी पोचली तेव्हा ती उंबऱ्याबाहेर उभी होती. आत सासू, तिच्या खांद्यावर पोरगं झोपलेलं. तोंड पलीकडं. नुसती मान आणि एक लोंबणारा पाय दिसत होता.

"झोपला हाय," सासू म्हणाली. आवाज कडक नव्हता. "उठवू नोको. रडन, मंग आमालेच रातभर सांभाळा लागन."

शकुननं हात पुढं करून तो पाय धरला. गाठोड्यातून अंगडं काढलं. ते लहान होतं, बघताच कळत होतं. तरी तिनं ते सासूच्या हातात दिलं. सासूनं ते घेतलं, एवढं मात्र केलं.

मागं भोंगा वाजू लागला. ड्रायव्हर भट्टी निवते म्हणून ओरडत होता, लोक रात्र होईल म्हणून. थांबलो तर थांबल्याचे पैसे कोण देणार, हेही कोणीतरी विचारलं. जानरावचा आवाज ओळखू आला. "चाला ना वो पार्बतामाय! झालं ते झालं!"

पार्बताबाईनं मुलीचे हात त्या पायावरून सोडवले. सोडवावेच लागले, एकेक बोट.

शकुननं पाट लावला नाही, दुसरा घरोबा केला नाही. आईजवळच राहिली, मळ्यात राबली. दोघी एका चुलीवर जेवायच्या आणि कामापुरतं बोलायच्या. तीन वर्षांनी कळलं, सासरच्यांनी बगीचा विकला आणि ती माणसं अमरावतीला गेली. कुठल्या भागात, कोणी सांगेना. पार्बताबाई मग झेंडू घेऊन अमरावतीच्या बाजाराला जाऊ लागली. अकोल्याला खपणारा माल एवढ्या लांब नेणं म्हणजे तोट्याचा धंदा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती त्या वयाच्या पोरांकडे बघत बसायची, नाव विचारायची. पोरं पळून जायची.

एकदा घरी येऊन म्हणाली, "आज एक पोट्टं पाह्यलं. कान तुह्यासारखेच वाटले मले. पुढल्या बाजारी तू चाल संगं."

शकुन मेथी निवडत होती. "मी नाई येत."

"काहून वो?"

"तोच निंगाला, न त्यानं इचारलं, तू आली काहून नाई, तं का सांगू? कापड भेटून राह्यलं होतं म्हणून?"

पार्बताबाई पुढच्या बाजाराला एकटीच गेली. त्याच्या पुढच्याही. शकुननं तिला पुन्हा कधी काही विचारलं नाही.